साडूंनी दिलेली चकमक

आग कशी लागते हा विषय निघाला की इमारतीतले सगळे लोक आगवाल्यांकडे बघत. आगवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते एका विमा कंपनीत आगीच्या दाव्यांच्या टेबलावर बसत, म्हणून शेजाऱ्यांनी चिकटवलेलं ते नाव, आणि ते इतकं घट्ट बसलं होतं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. इस्त्री चालू राहिली, दुकान गेलं. उंदराने वायर कुरतडली, गोदाम गेलं. कुणीतरी सिगारेटचं थोटूक फेकलं आणि सोफ्यांचा अख्खा कारखाना बसला. ही सगळी प्रकरणं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे आग ही मुळात लागायलाच टपून बसलेली असते, असं त्यांचं ठाम मत होतं. झोपण्यापूर्वी ते गॅस बंद आहे का ते तपासत, आणि आपण तपासला का हे तपासायला पुन्हा उठत. अशा माणसावर स्वतः आग लावायची वेळ आली आणि ती काही केल्या लागेना.

सुरुवात साडूंपासून झाली. साडू हे नातं मोठं विचित्र. भाऊ म्हणावं तर रक्त एक नाही, मित्र म्हणावं तर निवड आपली नाही. दोन परके पुरुष एकाच घरच्या दोन मुलींशी लग्न करतात आणि उरलेलं आयुष्य एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसून काढतात. आगवाल्यांचे साडू डोंगर चढायचे, पोहायचे, घरचा नळ स्वतः दुरुस्त करायचे, आणि हे सगळं करून वर प्रसन्न असायचे.

एका संध्याकाळी सासऱ्यांच्या घरी सगळे जमले असताना साडूंनी खिशातून एक काळपट कांडी आणि एक लोखंडी पट्टी काढली. बशीत कापसाचा बोळा ठेवला, पट्टी कांडीवरून एकदा सर्रकन ओढली, आणि ठिणग्यांचा झोत पडून कापूस भक्कन पेटला.

"फायर स्टार्टर," साडू म्हणाले. "काडेपेटी भिजते, लायटर संपतो, हे कधी दगा देत नाही."

"चकमक म्हणा की सरळ," सासरे म्हणाले.

आगवाल्यांनी उठून आधी बशीवर पाणी ओतलं. मग साडूंनी दुसऱ्या खिशातून तशीच एक नवीकोरी चकमक काढली, पाकिटासकट, आणि त्यांच्या हातात ठेवली. "ही तुम्हाला, साडूभाऊ. हात बसायला जरा वेळ लागेल म्हणा."

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. आगवाले 'वा, छान' म्हणून ती वस्तू कपाटात टाकून मोकळे झाले असते. पण त्यांची बायको मध्ये बोलली.

"वेळ कशाला लागेल? ह्यांना येतं ते," ती म्हणाली. "एका फटक्यात."

सर्वांत जास्त धक्का आगवाल्यांना बसला होता. धाकट्या बहिणीच्या तोंडून 'आमच्या ह्यांनी हे केलं, आमच्या ह्यांनी ते केलं' ऐकत ऐकत त्यांच्या बायकोने कित्येक वर्षं भांडी घासली होती, चहा गाळला होता, हसून मान डोलावली होती. 'आमचे हे' म्हणून पुढे ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं असं नाही, पण 'आमचे हे दावे फार काळजीपूर्वक नामंजूर करतात' हे वाक्य चारचौघांत रंगत नाही. आज पहिल्यांदा तिने आपला माणूस पारड्यात टाकला होता, आणि तोही न विचारता.

"अय्या, भावोजी, मग रविवारी नदीवर जाऊ या ना सगळे!" मेहुणी म्हणाली. "चहा तुमच्या आगीवर. काडेपेटी कुणीच आणायची नाही."

"बघू," सासरे म्हणाले. त्यांच्या 'बघू'मध्ये लग्नापासूनचा सगळा हिशेब असायचा.

घरी परतताना आगवाले रस्त्यात थांबले. "अगं, मला कुठे येतं?"

"आता यायला पाहिजे," बायको म्हणाली आणि चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर मागे न बघताच म्हणाली, "बोलून गेले मी. धाकटी सारखी बोलते ना." मग मात्र ती घर येईपर्यंत दोन पावलं पुढेच चालली, आणि तिची पाठ बघत चालणं आगवाल्यांना अजिबात सहन होत नसे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताच त्यांनी पाकीट उघडलं. उघडलं म्हणजे कात्रीने कडेकडेने कापलं, पुन्हा वस्तू आत ठेवता यावी म्हणून. या घराची एक रीत इथे सांगायलाच हवी. नवी वस्तू इथे वापरायला काढत नसत, जपायला काढत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. ओव्हनच्या दारावरची पातळ फिल्म अजून निघालेली नव्हती, तिच्यातूनच आत काय शिजतंय ते अंदाजाने बघायचं. लेकीने एकदा कंटाळून ती सोलायला घेतली होती, तर नवराबायको दोघंही एकदम ओरडले होते. तेव्हा ही काळी कुळकुळीत, चकचकीत कांडी पाहून आगवाल्यांच्या मनात पहिला विचार आला तो हिच्यावर ओरखडा उठता कामा नये, हाच.

त्यांनी पट्टी कांडीवरून फिरवली. हळुवार. झोपलेल्या बाळाच्या कपाळावरून हात फिरवावा तशी. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली, तर काळी भुकटी खाली ठेवलेल्या कापसावर पडली.

"अहो, रंग जातोय!" बायको घाबरून म्हणाली. "बदलून द्यायची वेळ आली तर?"

मग ते आणखी हळू फिरवू लागले. पाकिटात सूचनांचा चिटोरा होता, पण अक्षर मुंगीएवढं आणि भाषा अशा की एकही घरातल्या कुणाला येत नव्हती. शेवटी, जे चालत नाही त्याला तेल घालावं या सर्वमान्य नियमानुसार त्यांनी कांडीला शिलाई मशीनचं तेल चोळलं. कांडी अधिक सुंदर दिसू लागली. ठिणगी नाही ती नाहीच.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, ज्यांनी उभं आयुष्य विज्ञान शिकवलं होतं आणि एकही प्रयोग वर्गात यशस्वी होऊ दिला नव्हता, ते स्वतःहून खाली आले. त्यांनी घर्षण समजावलं. उष्णता समजावली. हवेतला दमटपणा हाच खरा गुन्हेगार असल्याचं जाहीर करून कांडी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितली. तेल लावलेली कांडी तांदळात ठेवली गेली, आणि त्या घराने पुढचे काही दिवस मशीनच्या वासाचा भात खाल्ला.

तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टरही जिन्यात भेटले. त्यांच्या दवाखान्यावरचा भलामोठा दिव्याचा दात रोज संध्याकाळी थेट आगवाल्यांच्या बैठकीत उजेड पाडायचा, म्हणून दोघांत फारसं सख्य नव्हतं. तरी डॉक्टरांनी कांडी हातात घेतली, डोळा बारीक केला, नखाने खरवडून पाहिलं.

"वरती थर आहे," ते म्हणाले. "खरवडून काढावा लागेल."

हा सल्ला आगवाल्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. डॉक्टर जो भेटेल त्याला हेच सांगायचे. जिन्यात कुणी नुसतं हसून 'काय डॉक्टर' म्हणालं तरी ते त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचे, वरती थर आहे, काढावा लागेल. त्यांच्यासमोर हसणं लोकांनी कधीच सोडलं होतं.

आता आगवाल्यांना दुसरं काही सुचेना. जेवताना, आंघोळीला जाताना, फोनवर बोलताना हात आपोआप पट्टी ओढल्यासारखा हलायचा. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी त्यांना 'बरं वाटत नाहीये का?' असं विचारून खिडकी दिली. ऑफिसात सरावाला वेळ मिळेल म्हणून त्यांनी कांडी आणि पट्टी खिशात घातली, आणि नेमकं त्याच दिवशी दारावरच्या यंत्राने शिट्टी मारली.

"हे काय?" सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं.

"चकमक."

"कशासाठी असते?"

"आग लावण्यासाठी," आगवाले म्हणाले. आयुष्यभर लोकांना खरं लिहा, खरं सांगा म्हणणारा माणूस तो.

"आग लावायची साधनं आत नेता येत नाहीत."

"पण ती लागत नाही हो."

"लागत नाही? मग ही चकमक कशी?"

"चकमकच आहे. लागते. म्हणजे लागायला पाहिजे."

"साहेब, एक काय ते सांगा. लागत असेल तर इथेच ठेवा. लागत नसेल तर घेऊन जा."

असा पेच आगवाल्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. आत जायचं तर ही वस्तू निकामी आहे हे सिद्ध करायचं, आणि अब्रू राखायची तर ती कामाची आहे हे. मागे रांग वाढत चालली होती आणि रांगेत त्यांचे साहेबही होते. अधिकाऱ्याने कुठूनसा कागदाचा बोळा आणून जमिनीवर ठेवला. आगवाले गुडघ्यांवर बसले. त्यांनी पट्टी ओढली, पुन्हा ओढली, कपाळावर घाम आला, आणि मनातल्या मनात ते आता नक्की काय व्हावं म्हणून विनवत होते ते त्यांचं त्यांनाही कळेना.

"खेळणं आहे," अधिकारी रांगेकडे बघून म्हणाला. "जाऊ द्या त्यांना."

साहेब लिफ्टमध्ये त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रजा हवी असेल तर घ्या."

शनिवार उजाडला तेव्हा आगवाल्यांची भूक गेली होती. बायको सकाळपासून डबे भरत होती, थर्मास मात्र तिने कपाटातून काढला नव्हता. "थर्मास घेऊ या ना, असू दे आपला," आगवाले म्हणाले. ती म्हणाली, "नको. तिथे करायचाय ना चहा." तिचा आवाज अगदी साधा होता. पण ती तिसऱ्यांदा तोच डबा पुसत होती. ते पाहून आगवाले तडक खाली गेले आणि शत्रूच्या दवाखान्याची बेल दाबली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तो थर."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांत त्यांच्याकडे कुणी आपणहून थर काढायला आलं नव्हतं. दात खरवडायचं आपलं आवडतं हत्यार खिशात टाकून ते आगवाल्यांबरोबर गच्चीवर गेले. इमारतीत आगीचं काहीही करायचं तर ते उघड्यावर, एवढं भान आगवाल्यांना त्याही अवस्थेत होतं.

इकडे इमारतीचे सेक्रेटरी जिना चढत होते. वरून कसले तरी आवाज ऐकू आले म्हणून त्यांनी आगवाल्यांच्या लेकीला दारातच विचारलं, "वर काय चाललंय ग?"

"बाबा आणि दातांचे डॉक्टर आहेत," ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली. "चकमक चाललीये."

सेक्रेटरींनी कठडा धरला. त्या दिव्याच्या दातावरून एक ना एक दिवस या दोघांत उडणार, हे त्यांनी प्रत्येक बैठकीत सांगितलं होतं. "कधीपासून?"

"आठवडाभर चाललीये, काका. आज डॉक्टर हत्यार घेऊन गेलेत."

सेक्रेटरी ज्या वेगाने खाली गेले त्या वेगाने ते आजवर कोणत्याही तक्रारीसाठी हलले नव्हते. त्यांनी खालून समितीतले दोघे घेतले, वर येताना मास्तरांना घेतलं, आणि सगळे दबक्या पावलांनी गच्चीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. पलीकडून डॉक्टरांचा आवाज येत होता.

"थांबू नका! खरवडा! अजून जोरात! अहो, जीव गेल्यासारखे ओरडता काय, दाताला लावलंय का मी?"

"निघाला... सगळा निघाला हो!" हा आवाज आगवाल्यांचा. त्यात रडू होतं.

ते खरोखरच रडवेले झाले होते. त्यांच्या हातातल्या त्या सुंदर काळ्या कांडीचा रंग एका बाजूने पार उतरला होता आणि आतून करडा, उघडाबोडका धातू दिसत होता. नव्या वस्तूची ही दशा त्यांनी कधी केली नव्हती.

"रंग कधी पेटतो का?" डॉक्टर म्हणाले. "आता दाबून ओढा. सगळा राग काढा."

नेमकं तेव्हाच सेक्रेटरींनी दाराला लाथ घातली आणि ओरडले, "हत्यार खाली टाका!" आगवाले दचकले, आणि दचकण्याच्या भरात त्यांच्या हाताने पट्टी अशी काही ओढली की पांढऱ्या ठिणग्यांचा फवारा गच्चीभर उडाला. समितीचे दोघे जिन्यात बसले. कापूस पेटला, पण समोरचा नव्हे. मास्तरांनी उन्हात टाकलेल्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून बाहेर आलेला.

"लागली!" आगवाले नाचत म्हणाले. "डॉक्टर, लागली!"

"माझी गादी!" मास्तर म्हणाले.

पाण्याच्या टाकीतून बादल्या भरून गादी विझवण्यात आली. तिला मध्यम आकाराचं भोक पडलं होतं. घर्षण आणि उष्णता या विषयावर मास्तरांना आता काही बोलायचं नव्हतं. सगळं शांत झाल्यावर सेक्रेटरींनी आगवाल्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इमारतीचा विमा तुमच्याच कंपनीचा ना? याचं काही मिळेल का?"

"निष्काळजीपणा," आगवाले सवयीने म्हणाले. "नामंजूर."

हे उत्तर त्यांना भोवलं. सेक्रेटरींनी लगेच हात पुढे केला आणि चकमक स्वतःच्या खिशात टाकली. समितीची बैठक सोमवारी, निर्णय तेव्हा, तोपर्यंत ही वस्तू जमा. आगवाल्यांनी विनंती केली, मास्तरांना नवी गादी कबूल केली, नियम दाखवा म्हणाले. नियम नव्हता, म्हणून सेक्रेटरींनी तो तिथेच केला.

आगवाले खाली आले ते थेट खुर्चीत कोसळले. विद्या आली होती आणि वस्तू गेली होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि ती जिना उतरून गेली. थोड्याच वेळात ती परत आली आणि तिने चकमक त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"काय म्हणालीस सेक्रेटरींना?"

"म्हटलं, ज्याला येतं त्याच्या हातात असलेली बरी. तुमच्या खिशात राहिली आणि चुकून पेटली तर तुम्हाला विझवता येणार आहे का? तर लगेच काढून दिली." मग ती त्यांच्याशेजारी टेकली. "खरंच लागली?"

"खरंच."

"एका फटक्यात?"

"दचकलो म्हणून. पण हो."

"मग उद्या तिथे दचका," ती म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा दोघं हसली.

रविवारी नदीकाठच्या वाळूत सगळी मंडळी गोल करून बसली. सासऱ्यांना घडीची खुर्ची दिली होती. साडूंनी फार प्रेमाने दगडांची चूल मांडून दिली, काटक्या रचून दिल्या, वारा कुठून येतोय तेही सांगितलं, आणि या प्रत्येक मदतीगणिक आगवाले कांडी पुन्हा पुन्हा रुमालाने पुसत राहिले. मेहुणीने मोबाईल धरला. "भावोजी, रेडी? सगळं रेकॉर्ड करतेय हं!"

आगवाल्यांनी काटक्यांखाली कापूस पिंजून ठेवला. कांडीची खरवडलेली बाजू वर केली. पट्टी टेकवली. सगळं जग त्यांच्या बोटांकडे बघत होतं, आणि त्यांना एवढंच हवं होतं की या सगळ्यांनी, विशेषतः त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने, डोळे उघडे ठेवून एकदा नीट बघावं. त्यांनी दाबून पट्टी ओढली.

त्याच क्षणी सासऱ्यांची खुर्ची वाळूत रुतली, कलंडली, आणि सासरे पाय वर करून मागे पडले.

"बाबा!" मेहुणी किंचाळली. साडू धावले. लेक धावली. मोबाईलही त्या दिशेला वळला. सासऱ्यांना उठवून, वाळू झटकून, कुठे लागलं नाही ना विचारून सगळे परत वळले, तेव्हा चुलीत काटक्या छान तडतडत होत्या आणि आगवाले हातात चकमक घेऊन एकटेच उभे होते.

"अरेच्चा!" साडू म्हणाले. "कधी लागली?"

"आत्ता. एका फटक्यात."

"बघा, नेमकं हुकलं आमचं." मेहुणीने मोबाईल तपासला. त्यात सासऱ्यांचे पाय होते, आकाश होतं, आणि नंतर एकदम पेटलेली चूल होती. ती नवऱ्याकडे बघून किंचित हसली. साडू चुलीकडे वाकून इकडेतिकडे बघू लागले, आगकाडी कुठे पडली आहे का ते. "तसं काही नाही हो, साडूभाऊ. पण परत एकदा दाखवाच ना. गंमत म्हणून."

आगवाले तयारच होते. त्यांनी पट्टी उचललीसुद्धा. आणि त्या घडीला त्यांना आतून पक्कं कळलं की आता ती लागणार नाही. घामाने पट्टी हातातून निसटत होती.

"कशाला परत?" त्यांची बायको पातेलं घेऊन पुढे आली. "एका फटक्यात लावली ह्यांनी. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. सरका जरा, चहाचं आधण ठेवू दे."

ती हे अशा आवाजात म्हणाली की साडू सरकले. सासऱ्यांनी केसांतली वाळू झाडली आणि मोठ्या मुलीकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "ती म्हणते तर बघितलंच असणार. मोठ्या जावयांना पहिला कप द्या."

चहा धुरकट झाला होता. आगवाले तो घोटाघोटाने प्यायले. मंडळी पाण्याकडे गेल्यावर ते चुलीपाशी बसलेल्या बायकोजवळ सरकले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "तू कुठे बघितलंस? मी ओढली तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होतो. तू डोळे घट्ट मिटून घेतले होतेस."

ती निखारे सारखे करत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"अहो, मला बघवतच नव्हतं," ती म्हणाली. "लागली ना पण?"

"लागली."

"एका फटक्यात?"

"एका फटक्यात."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि उरलेला सगळा चहा त्यांच्या कपात ओतला.